रिकाम्या खाचेतलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना, बुटका संगणक आहे. आडवा ठेवला तर जेवायला बसायच्या पाटाएवढा दिसतो. माझ्या पुढच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात एक लाल डाग आहे. तो रंग नाही, कुंकू आहे. तो आजवर कुणी पुसलेला नाही.

आज मी कुंडलला एका घराच्या पुढच्या खोलीत टेबलावर आहे आणि चालू आहे. पण या माघ महिन्यात चार दिवस मी इस्लामपूरच्या एका दुकानात भंगाराच्या पोत्याशेजारी पडून होतो. माझ्यात दोष आहे असं ठरलं होतं. तो दोष माझा नव्हता. तो कसा आला हे मला माहीत होतं, आणि ज्याच्या हातून आला त्यालाही माहीत होतं. मला बोलता येत नाही. त्याला येत होतं. तो बोलला तरच मी घरी जाणार होतो.

मी सुरुवातीपासून सांगतो.

मी एका मोठ्या कारखान्यात तयार झालो. माझ्यासारखे शेकडो एकाच दिवशी तयार झाले. आम्ही कचेऱ्यांसाठी होतो, म्हणून आमचा आकार लहान ठेवलेला. आत सगळी जागा मोजूनमापून दिलेली. वीज देणारा पॉवर सप्लायचा डबाही लहान. मात्र माझ्या मदरबोर्डवर एक लांब काळी खाच रिकामी ठेवली होती. तिच्यात ग्राफिक्स कार्ड बसतं. पडद्यावरची चित्रं काढायचं काम ते कार्ड करतं. कार्ड नसेल तर ते कामही प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. मला कार्ड नव्हतं. कचेरीत त्याची गरजही नव्हती.

पहिली तीन वर्षं मी खंडाळ्याच्या एका कारखान्यात गेटपास छापले. तिथं माझं नाव सतरा नंबर होतं. कुणी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवी, कुणी टिफिन. एक दिवस नवी यंत्रं आली आणि आम्हाला जिन्याखाली रचून ठेवलं. तिथून सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं आम्हाला उचललं.

सांगलीच्या त्या दुकानात शालूबाई आली. पदर खोचून तिनं आम्हा सगळ्यांना एकेक करून चालू करायला लावलं आणि पंख्याचा आवाज कान लावून ऐकला.

"ह्यो द्या," ती म्हणाली. "ह्याचा आवाज कुरकुरत न्हाई."

एवढं ऐकून कुणी मला निवडेल असं मला वाटलं नव्हतं.

शालूबाईचा नवरा नानासो सैन्यात हवालदार होता. वर्षातून दोनदा सुट्टीवर येई. घरी ती आणि मुलगी स्वप्नाली. पलूसला क्लास लावून शालूबाई टायपिंग आणि पत्रिकेची मांडणी शिकली होती. पुढच्या खोलीत तिनं मला ठेवलं आणि लग्नपत्रिका करू लागली. आसपासच्या गावांतली माणसं येत. पत्रिका म्हणजे साधी गोष्ट नाही, हे मी तिथं शिकलो. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून लग्नं अडतात.

"वैनी, मामाचं नाव आदी घ्या. न्हाईतर मामा मांडवात यायचा न्हाई."

"आणि चुलत्याचं?"

"चुलता येतोय वो. त्याला जेवान पायजे फकस्त."

शालूबाई हसायची आणि नाव वर घ्यायची. दुसऱ्या दिवशी चुलता स्वतः यायचा. मग ती दोन्ही नावं एका ओळीत बसवायची. मी एवढ्याशा ओळीत किती नावं मावतात ते बघत राहायचो.

ती मला जपायची. दर शनिवारी कोरड्या ब्रशनं माझ्या जाळीतली धूळ काढायची. खंडेनवमीला घरोघर विळे, कोयते, शिलाई मशीन, ट्रॅक्टर पुजतात. ती मलाही पुजायची. कोरड्या बोटानं पुढच्या कोपऱ्यात हळदी-कुंकवाचं एकच बोट लावायची. झेंडूचं फूल शेजारी ठेवायची, माझ्यावर नाही. स्वप्नाली लहान होती तेव्हा तिनं एकदा माझ्या जाळीवर अक्षता टाकल्या. शालूबाईनं तिचा हात धरला.

"पूजा बाहेरनं करायची, बाळा. आत निस्ता कोरडा ब्रश. ह्याच्या आत दुसरं काय जाया न्हाई पायजे."

नानासोनं हे कधी ऐकलं नाही. सबंध नोकरीत तो दसऱ्याला एकदाही घरी नव्हता. दसऱ्याला त्याच्या पलटणीत शस्त्रपूजा असायची. तिथं रायफली पूर्ण खोलायच्या, नळीतून चिंदी ओढायची, लोखंडाला हलकं तेल द्यायचं, मग हळद-कुंकू लावायचं. ज्याच्या हत्याराला तेल नाही त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. नानासोनं स्वतः एका जवानाला असं उभं केलं होतं. घरी आला की तो हे अभिमानानं सांगायचा.

एकदा शालूबाईनं व्हिडिओ कॉल लावून माझं झाकण उघडलं आणि मोबाईल माझ्या आत धरला.

"दिसतंय का? ही लांब खाच हाय बघा. हितं कार्ड बसतं. ते बसलं की हलत्या पत्रिका करता येतील. लोकं आता मोबाईलवर मागायला लागल्यात."

"मग बसीव की."

"तुमी आल्यावर. तुमच्या हातनं बसवू."

दिवाळीनंतर तो निवृत्त होऊन आला. त्या हिवाळ्यात घराच्या पत्र्याचं काम निघालं. उन्हाळ्यात पाइपलाइन. पुढच्या लगनसराईला बसवू, असं दोघं म्हणत राहिले. खाच रिकामीच राहिली.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मला सांगायला जड जातं.

गेल्या आषाढातला एक शनिवार होता. दुपारची वेळ. पत्रिकेचं काम नव्हतं. शालूबाई माझ्यासमोर बसली आणि तिनं टाइप केलं, "छातीत जड वाटणे, डावा हात दुखणे, जिना चढताना दम." जे आलं ते तिनं सावकाश वाचलं. मी माझ्या परीनं सगळं दाखवलं. ताबडतोब डॉक्टरांकडे जा, असं त्यात तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. तेवढ्यात नानासो रानातून आला. पाय धुऊन आत डोकावला.

"काय वाचतीयास?"

तिनं ते पान बंद केलं.

"काय न्हाई."

"चेहरा का उतरलाय?"

"पित्त झालंय जरा. तुमी जेवून घ्या."

तो जेवायला गेला. मग तिनं शोधलेलं पुसायचा प्रयत्न केला आणि मला बंद केलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी पाणी भरताना ती हौदाच्या कडेवर बसली. ती पुन्हा उठली नाही. सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिचं दुखणं मला आधी कळलं होतं. ती गेल्यावरही त्या घरात ते फक्त मला माहीत आहे असं मी समजत होतो. मोठा आवाज करायला माझ्यात स्पीकर होता, पण स्वतःहून बोलायची सोय आमच्यात नसते.

दिवसकार्य झाल्यावर स्वप्नालीनं माझ्यावर आईचा टॉवेल घातला.

"पप्पा, आईच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "तुमी पण न्हाई. मी बघीन."

नानासोनं मान हलवली.

तीन महिन्यांनी खंडेनवमी आली. नानासोची थोरली भावजय राहीबाई आदल्या दिवशीच येऊन सांगून गेली होती. "भावजी, यंदा आपल्यात सण न्हाई. वरीस फिरायचं हाय अजून. हत्यारं-बित्यारं काय काढू नगासा."

"बरं, वैनी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नाली राहीबाईकडे गेली होती. आजूबाजूच्या घरांतून पूजेच्या घंटा ऐकू येत होत्या. नानासो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं टॉवेल काढला आणि नीट घडी करून खुर्चीवर ठेवला.

निवृत्तीनंतरचा हा त्याचा पहिलाच दसरा होता. त्याला शालूबाईची पूजा माहीत नव्हती. त्याला पलटणीची माहीत होती.

त्यानं माझं झाकण उघडलं. मऊ फडक्याच्या पट्ट्या फाडल्या. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली. एकेक कोपरा पुसला, फार हळू, जसं झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसं. पत्र्याला तेलाचा हात दिला. मग त्या लांब रिकाम्या खाचेपाशी थांबला.

"हितं बसवायचं हुतं व्हय, शालू," तो म्हणाला.

त्यानं पट्टीला तेल लावून ती खाचेतून ओढली, रायफलीच्या नळीतून ओढतात तशी. मग हळद आणि कुंकू बोटांच्या चिमटीत घेतलं आणि खाचेत भरलं. तेल आणि हळद-कुंकवाचा चिखल होऊन तो खोल उतरला. खाचेच्या आत दोन्ही बाजूंनी बारीक पितळी पाती असतात. ती सगळी त्यात बुडाली. मला वेदना होत नाहीत. पण तो चुकतोय हे मला कळत होतं, आणि तो रडतोय हेही दिसत होतं.

त्यानं झाकण लावलं, टॉवेल घातला, बाटली जागेवर ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही. सण पाळायचा नव्हता, तो पाळला होता. हात लावायचा नव्हता, तो लावला होता.

दिवाळीनंतर स्वप्नालीनं आईचं काम हातात घेतलं. टॉवेल निघाला. मी चालू झालो, कारण त्या खाचेची मला रोजच्या कामात गरज पडत नव्हती. पण आता छापील पत्रिका कुणी मागेना. मोबाईलवर हलती पत्रिका पाहिजे, त्यात फुलं पडली पाहिजेत, घोडा चालत आला पाहिजे. दीड मिनिटाची पत्रिका तयार करायला मला पाच-सहा तास लागत आणि मध्येच मी अडकून पडे. माझा पंखा आता कुरकुरत होता.

"वैनीच्या वक्ताला असं न्हवतं बाई," एक गिऱ्हाईक म्हणालं आणि पलूसला निघून गेलं. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं.

"आईचं गिऱ्हाईक माझ्या हातनं चाललंय," स्वप्नाली जेवताना म्हणाली. "पप्पा, ते कार्ड बसवू या. आईला बसवायचंच हुतं."

नानासोचा घास हातातच राहिला. "बसवू की," तो म्हणाला.

तिनं एक कार्ड मागवलं. ते आलं ते माझ्यापेक्षा उंच. संक्रांत झाल्यावर दोघं मला एसटीनं इस्लामपूरला भाऊसोच्या दुकानात घेऊन गेले. भाऊसो म्हणजे पन्नाशी ओलांडलेला माणूस. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता आमच्यासारखे. चष्मा कपाळावर आणि स्क्रू ओठांत धरून बोलायचा. त्यानं कार्ड माझ्यावर धरलं आणि हसला.

"पोरी, जेवणाच्या डब्यात ऊस उभा बसंल का? ह्याचं झाकण लागायचं न्हाई. आणि ह्याला वेगळी वायर लागती विजेची, ती ह्या डब्यात न्हाईच. ह्याला बुटकं कार्ड पायजे. खाचेतनंच वीज घेणारं."

"मिळतंय का बुटकं?"

"हवालदारसाहेबांस्नी बघून देतो. न्हाईतर गोळ्या घालायचं मला."

नानासो हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता.

पंधरा दिवसांनी बुटकं कार्ड आलं. ते दोघं मला घेऊन पुन्हा गेले. भाऊसोनं झाकण काढलं, चष्मा कपाळावरच ठेवून खाचेवर फुंकर मारली, कार्ड दाबून बसवलं. टक असा आवाज आला. मी मनात म्हणालो, बसलं एकदाचं. भाऊसोनं बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मग माझ्यातून तीन वेळा पीप पीप वाजलं आणि मी थांबलो.

त्यानं कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात लावलं. तिथं ते चाललं. पुन्हा माझ्यात लावलं, पडदा काळा. मग त्यानं कार्डाची सोनेरी कड उजेडात धरली. तिच्यावर पिवळट ओशट थर आला होता. त्यानं तो खोडरबरानं घासला, बोटाला लावून वास घेतला.

"काय सांडलंय का ह्येच्या आत? तेल-बिल?"

"छे," स्वप्नाली म्हणाली. "आई धुळीचा कण पडू देत नव्हती. आणि आईनंतर कुणी उघडलंच न्हाई. व्हय ना, पप्पा?"

नानासोची नजर त्या खोडरबरावर होती.

"काय झालंय का, साहेब?" भाऊसोनं विचारलं.

"काय न्हाई," नानासो म्हणाला.

हेच दोन शब्द मी एका शनिवारी दुपारी ऐकले होते. त्याच आवाजात नव्हे, पण तसेच.

"बाहेरनं काय सांडलं न्हाई म्हणताय, मग हे आतनंच गळतंय," भाऊसोनं निकाल दिला. "बोर्ड गेला. गळका बोर्ड चालवायचा न्हाई, पोरी. कवा पेट घेईल सांगता येत न्हाई, आणि तुझ्या घरात लोकांची पत्रिका-कागदं. ह्या मापाचा बोर्ड आता मिळत पण न्हाई. हे ठेवून जा. सोमवारी नवा घेऊन जा, आतलं सगळं त्यात घालून देतो."

"आईचा हाय वो तो," स्वप्नाली म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय. आईच्या वस्तूनं घराला आग लागाय नगं."

तिनं माझ्या कोपऱ्यातल्या कुंकवाच्या डागावरून एकदा बोट फिरवलं. "ठीक हाय," ती म्हणाली.

भाऊसोनं माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, "बोर्ड खराब". मग मला त्यानं कोपऱ्यात पोत्याशेजारी ठेवलं. पोत्यात माझ्यासारख्यांचे उघडे बोर्ड होते. गुरुवार ते सोमवार मी तिथं होतो. मला मोडीत जायची भीती नव्हती असं नाही. पण त्याहून वाईट वाटत होतं ते नानासोचं. दुकानातून बाहेर पडताना तो उंबऱ्यावर थांबला होता, तोंड उघडलं होतं, आणि एसटीचा हॉर्न ऐकून निघून गेला होता.

सोमवारी ते आले. नानासोची दाढी वाढलेली होती. निवृत्त झाल्यावरही त्यानं एक दिवस दाढी चुकवली नव्हती. काउंटरवर नवं यंत्र तयार होतं. भाऊसोनं मला उचललं, झाकण काढलं आणि माझ्या मेमरीच्या पट्ट्या काढायला हात घातला.

"ह्या दुसऱ्याला चालतील. बोर्ड पोत्यात."

"थांबा," नानासो म्हणाला.

भाऊसोनं वर बघितलं. नानासो पाय जुळवून, हात बाजूला ठेवून उभा होता, साहेबापुढं पेशी असल्यावर उभं राहतात तसा.

"त्या बोर्डाची चूक न्हाई. तेल मी घातलंय. खंडेनवमीला खोलून साफ केला, तेल दिलं, आणि त्या खाचेत हळद-कुंकू भरलं. तुमी विचारल्यावर मी खोटं बोललो."

"आवं पण..." भाऊसोच्या ओठांतला स्क्रू खाली पडला. "खाचेत? कुंकू? कशापायी?"

"तिथं कार्ड बसवायचं हुतं तिला. मला वाटलं, जागा तिची हाय."

स्वप्नाली एकदम मागं सरली. "मी सांगितलं हुतं न्हवं? एवढंच सांगितलं हुतं, पप्पा! आणि परवा मी विचारलं तवा तुमी तोंडावर... मी आईचा कॉम्प्युटर मोडीत द्यायला निघाले!"

"व्हय."

"व्हय काय नुस्तं?"

"चुकलो, बाळा. दुसरं काय सांगू? तू म्हणशील आईनं जपलं आणि म्या घालवलं, ह्याची भीती वाटली. आणि वरीस फिरायच्या आत सण केला ते राहीवैनीच्या कानावर जाईल ह्याची पण."

मोठ्या माणसाला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊसोनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि दिवा माझ्या खाचेवर धरला.

"च्यायला, देवीच्या गाभाऱ्यागत झालंय आत," तो म्हणाला. मग कपाटातून स्पिरिटची बाटली काढून काउंटरवर ठेवली. "गळत नसंल तर निघंल. पण माझा हात आता थरथरतोय, साहेब. पाती वाकली तर खरंच पोत्यात जाईल. तेल तुमी दिलंय, तुमीच काढा."

चिंदी गुंडाळायला खाचेत जाईल एवढी पातळ आणि ताठ पट्टी पाहिजे होती. स्वप्नालीनं आपल्या पिशवीतून आईच्या वेळची नमुन्याची एक लग्नपत्रिका काढली आणि तिची उभी पट्टी कापून बापाच्या हातात दिली.

नानासोनं पट्टीला चिंदी गुंडाळली, स्पिरिटात बुडवली आणि खाचेत घातली. ओढली. पिवळी निघाली. दुसरी ओढली. लाल निघाली. दहा-बारा वेळा त्यानं तसं केलं. त्याचा हात हलला नाही. गिऱ्हाईकं आली, भाऊसोनं त्यांना बाकावर बसवलं. शेवटची चिंदी पांढरी निघाली तेव्हा त्यानं ती उजेडात धरून पुन्हा पाहिली. पहिली लाल चिंदी मात्र टाकली नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

अर्धा तास मला उघडं वाळवलं. मग त्यानंच कार्ड बसवलं. भाऊसोनं बटण दाबलं. पडदा काळा होता. दोन श्वास तसाच राहिला. मग उजळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊसोनं माझ्यावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. "बोर्ड बरा हाय," तो म्हणाला आणि चहा सांगितला.

परत येताना एसटीत खिडकीशी स्वप्नाली बसली आणि मी तिच्या मांडीवर. शेजारी नानासो. ताकारी येईपर्यंत ती बाहेरची उसाची रानं बघत होती. मला वाटलं, ती अजून रागात आहे. मग ती खिडकीकडं बघतच बोलली.

"पप्पा, माझं पण एक राहिलंय सांगायचं."

"काय?"

"आईनं ह्याच्यावर शोधलं हुतं. छातीत दुखतंय, हात दुखतोय, असं. तिनं हितलं पुसलं, पण खातं एकच हुतं, तिच्या फोनमधी दिसत हुतं. दिवस झाल्यावर मला सापडलं. तुमाला सांगितलं न्हाई."

गाडी एका गतिरोधकावरून उडाली तेव्हा त्यानं माझ्यावर हात ठेवून मला सावरलं.

"कवाचं हुतं?"

"शनिवारचं. दुपारचं. ती जायच्या आदी अकरा दिवस."

त्याचा हात माझ्यावर तसाच राहिला. तो जड होत गेला.

"त्या दुपारी मी घरात हुतो," तो म्हणाला. "मी विचारलं हुतं तिला. ती काय न्हाई म्हणाली. मी जेवाय गेलो."

स्वप्नालीनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. कुंडलच्या थांब्यावर उतरेपर्यंत दोघांनी हात काढले नाहीत. त्यानं तिला दोष दिला नाही, तिनं त्याला नाही. पण दोघांचं ओझं त्यामुळं कमी झालं, असं मी म्हणणार नाही. ते फक्त दोघांना मिळून दिसलं.

आता मी हलत्या पत्रिका करतो. सहा तासांचं काम आता चहा होईस्तोवर होतं. फुलं पडतात, घोडा चालत येतो. गेलेली दोन गिऱ्हाईकं परत आली, एक आलं नाही. माझ्या खाचेच्या एका टोकाला अजून हळदीचा बारीक पिवळा डाग आहे. तो निघाला नाही आणि त्याचा त्रासही नाही. नानासो दर शनिवारी कोरडा ब्रश घेऊन येतो. झाकण उघडायच्या आधी स्वप्नालीला हाक मारतो आणि ती आल्यावरच उघडतो.

आणखी एक सवय त्याला लागली आहे. संध्याकाळी स्वप्नाली काम करताना थकली, कपाळाला हात लावून बसली, की तो दारात येतो.

"काय हुतंय, बाळा?"

"काय न्हाई, पप्पा."

तो जात नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतो, थोडा वेळ पडद्याकडं बघतो आणि पुन्हा विचारतो.

"काय हुतंय?"

मग बहुतेक वेळा ती सांगते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. धूळ कोरडी काढा. आत तेल घालू नका, आणि चुकून घातलंच तर दुरुस्त करणाऱ्याला खरं सांगा. न सांगितलेल्या चुकीपायी चांगलं यंत्र मोडीत जातं. पण मला खरं मागायचंय ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कुणाचा चेहरा उतरलेला दिसला, तुम्ही विचारलं आणि उत्तर आलं की काय नाही, तर जेवायला जाऊ नका. तिथंच बसा. दुसऱ्यांदा विचारा.

मला ते विचारता आलं नाही.